शेजारची जमीन बदलतेय, आणि आपल्याला पत्रच आलं नाही

वाचकाचं पत्र

"नमस्कार. मी अठ्ठेचाळीस सदनिकांच्या एका सोसायटीचा सचिव आहे. आमच्या कंपाउंडला लागून एक मोकळी जागा आहे. विकास आराखड्यात तिच्यावर क्रीडांगणाचं आरक्षण आहे. महापालिकेने ती कधी ताब्यात घेतली नाही, पण मालकांनीही कधी कुणाला हटकलं नाही. त्यामुळे तेवीस वर्षं आमची आणि मागच्या चाळीतली मुलं तिथेच खेळत आली. गेल्या रविवारी रद्दी बांधताना माझ्या सुनेला नऊ दिवसांपूर्वीच्या पेपरात महापालिकेची जाहीर सूचना दिसली. ते आरक्षण वगळून जागा रहिवास विभागात घेण्याचा प्रस्ताव आहे, हरकती व सूचना एका महिन्यात द्याव्यात, असं तिच्यात लिहिलं आहे. सोसायटीला ना पत्र आलं, ना जागेवर बोर्ड लागला. नगररचना विभागात जाऊन विचारलं तर 'पेपरात दिलंय की' एवढंच उत्तर मिळालं. शेजाऱ्यांना कळवणं महापालिकेवर बंधनकारक नाही का? आमच्या कमिटीत तीन मतं आहेत. एकांचं म्हणणं, आधी माहिती अधिकारात सगळे कागद मागवू, मग काय लिहायचं ते ठरवू. दुसरे म्हणतात, हे सगळं वरूनच ठरलेलं असतं, हरकतीने काय होणार? तिसऱ्यांना जागामालकांशी वैर नको आहे, कारण माणसं खरंच चांगली आहेत. तुम्ही काय सांगाल? नाव छापू नये ही विनंती."

नमस्कार सचिवसाहेब,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला, कारण अशा बाबतीत सदर छापून यायची वाट बघत बसणं परवडत नाही. हरकतीचं एक पानी पत्र आधी देऊन टाका, बाकीचं मागाहून बोलू, असं मी म्हटलं. तुम्ही दुसऱ्याच दिवशी जाऊन ते दिलंत आणि आवक क्रमांकही मला कळवलात. फार बरं केलंत. मुदत संपायला अजून दहाएक दिवस आहेत. तेवढ्यात पुष्कळ काही होऊ शकतं, म्हणून आता सविस्तर लिहिते.

मी बावीस वर्षं नगररचनेच्या एका कार्यालयात आरेखक होते. अशा सूचनांसोबतचे नकाशे माझ्या टेबलावरून गेले आहेत. आरक्षणाचा हिरवा तुकडा पुसून तिथे रहिवासाचा पिवळा रंग भरण्याचं काम मी स्वतः केलं आहे. त्यामुळे "आम्हाला कुणी कळवलंच नाही" हे वाक्य मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी ऐकलं आहे. तुमचा प्रश्न मला फार जवळचा वाटतो तो म्हणून.

आधी तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर. हो, कळवणं बंधनकारक आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६, त्याचं कलम ३७. मंजूर विकास आराखड्यात लहानसा फेरबदल करायचा असेल तर नियोजन प्राधिकरणाने, म्हणजे तुमच्याकडे महापालिकेने, दोन गोष्टी करायच्या असतात. राजपत्रात आणि प्राधिकरण ठरवेल त्या आणखी एखाद्या मार्गाने, बहुधा वर्तमानपत्रात, जाहीर सूचना द्यायची आणि कोणाकडूनही एका महिन्यात हरकती-सूचना मागवायच्या. ही पहिली गोष्ट. दुसरी अशी की प्रस्तावित बदलामुळे बाधित होणाऱ्या सर्व व्यक्तींना स्वतंत्र नोटीस बजवायची आणि त्यांना सुनावणी द्यायची. त्यानंतरच प्रस्ताव मंजुरीसाठी शासनाकडे पाठवायचा. "पेपरात दिलंय की" म्हणणारा कर्मचारी तुम्हाला कलमाचा पहिला अर्धा भाग सांगत होता.

घोळ होतो तो "बाधित" या एका शब्दावर. बाधित म्हणजे कोण, किती फुटांच्या आतला शेजारी, हे कायद्यात मोजून दिलेलं नाही. इंग्लंडात साध्या बांधकामाचा अर्ज आला तरी प्राधिकरणाने जागेवर निदान एकवीस दिवस फलक लावायचा किंवा लगतच्या मालक-रहिवाशांना पत्र द्यायचं, असा नियम आहे. अमेरिकेतल्या अनेक शहरांत ठरावीक अंतराच्या आतल्या सगळ्या मालकांना टपालाने कळवतात. आपल्या कायद्यात असा आकडा नाही. आकडा नसला की कचेरी सोपा अर्थ काढते: ज्याची जमीन तो बाधित.

एक फाइल मला अजून आठवते. गावाचं नाव सांगत नाही. बागेचं आरक्षण वगळण्याचा प्रस्ताव होता, जागेच्या तिन्ही बाजूंना घरं होती आणि चौथ्या बाजूला शाळा. "बाधितांची यादी" असा मथळा असलेला पूर्ण कागद फाइलला लावला होता आणि त्यावर एकच नाव होतं, जमीनमालकाचं. तो बदल मागितला होता त्याच मालकाने. जावक नोंदवहीत त्याच्या नावापुढे तारीख, सही, सगळं व्यवस्थित होतं. कागदोपत्री कलमाचं पालन झालं होतं. हरकती शून्य आल्या आणि पुढच्या टिपणीत वाक्य आलं, "विहित मुदतीत एकही हरकत प्राप्त झाली नाही." ती टिपणी वाचणाऱ्याला वाटणार, लोकांना हा बदल चालतो आहे. लोकांना तो माहीतच नव्हता. मी त्या नकाशावर सही करणाऱ्यांपैकी नव्हते, पण काढणाऱ्यांपैकी होते, आणि त्याची टोचणी मला आजही आहे.

म्हणून माझं ठाम मत सांगते. क्रीडांगण जातं तेव्हा जमीनमालक बाधित होत नाही, त्याचा फायदा होतो. बाधित होतात ती तिथे खेळणारी मुलं, आणि ज्यांच्या घराला लागून उद्या इमारत उभी राहील ती कुटुंबं. ते एक पानी पत्र दिलंच आहे, आता मुदतीच्या आत जी सविस्तर हरकत द्याल तिच्यात हा मुद्दा स्वतंत्र परिच्छेद करून लिहा: आम्ही लगतचे रहिवासी कलम ३७ च्या अर्थाने बाधित आहोत, आम्हाला स्वतंत्र नोटीस बजावलेली नाही, ती बजावावी आणि प्रत्यक्ष सुनावणी द्यावी. सोसायटीप्रमाणे मागच्या चाळीचंही नाव घाला. चाळीतल्यांकडे ना कंपाउंड ना पार्किंग, त्यांच्या पोरांना खेळायला तेवढीच एक जागा आहे. खरं तर तुमच्यापेक्षा त्यांची बाजू अधिक बळकट आहे आणि त्यांना अजून कुणी सांगितलं नसेल. आज संध्याकाळीच जाऊन सांगा.

आता सूचनेचं ते कात्रण पुन्हा समोर घ्या. अशा सूचना माणसांच्या भाषेत नसतात, जमिनीच्या नंबरांच्या भाषेत असतात. "मौजे अमुक येथील स. नं. तमुक पै. मधील आरक्षण क्र. इतके 'क्रीडांगण' हे वगळून सदर क्षेत्र रहिवास विभागात समाविष्ट करणे." यात तुमच्या सोसायटीचं नाव नाही, रस्त्याचं नाही, शेजारच्या मारुतीच्या देवळाचंही नाही. आसपासच्या घरांतल्या कुणी ही सूचना वाचली असती तरी आपल्या खिडकीखालच्या जागेबद्दल ती आहे हे कुणाला कळलं नसतं. तुमच्या सुनेला कळलं, कारण तिला सर्व्हे नंबर माहीत होता. तिला माझ्याकडून शाबासकी द्या. "पै." म्हणजे पैकी. त्या दोन अक्षरांकडे नीट बघा, कारण त्या सर्व्हे नंबराचा काही भागच बदलायचा आहे असा त्याचा अर्थ होतो. आरक्षणाचं पूर्ण क्षेत्र जातंय की तुकडा, हे पेपरातून कळत नाही. ते नकाशावर कळतं.

नकाशा पेपरात छापत नाहीत. तो "कार्यालयीन वेळेत नागरिकांच्या अवलोकनार्थ उपलब्ध" असतो, आणि तो बघायला जवळजवळ कुणी येत नाही. तुम्ही जा. सोबत सोसायटीच्या जमिनीचं मालमत्ता पत्रक किंवा सात-बारा न्या, म्हणजे आपला नंबर नकाशावर कुठे बसतो ते दाखवता येईल. तीन गोष्टी बघा. बदलाच्या हद्दीची रेषा कुठून कुठपर्यंत जाते. त्या जागेला रस्ता कुठून दाखवला आहे, आणि तो तुमच्या अंतर्गत रस्त्यावरून तर नाही ना. आराखड्यातलं दुसरं क्रीडांगण तिथून किती लांब आहे. मोबाइलवर फोटो काढू देतात का विचारा. नाही म्हणाले तर नकाशाच्या प्रमाणित प्रतीसाठी तिथल्या तिथे अर्ज द्या आणि पोच घ्या. बरेचदा अर्ज लिहायला घेतला की फोटो काढायची परवानगी मिळते.

मुदतीबद्दल एक खबरदारी. एक महिना कधीपासून मोजायचा हे सूचनेतच लिहिलेलं असतं. कधी वर्तमानपत्रातल्या तारखेपासून, कधी राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून. दोन्ही तारखा एक नसतात. वाद घालण्यापेक्षा जी आधीची असेल तीच खरी धरून चाला.

कमिटीतलं पहिलं मत मला काळजीत टाकतं, कारण ते शहाणपणाचं दिसतं. माहिती अधिकार कायदा २००५ खाली उत्तर द्यायला माहिती अधिकाऱ्याला तीस दिवस असतात. हरकतीची मुदत एक महिना. सूचना छापून आली त्याच दिवशी अर्ज टाकला तरी उत्तर येईल तेव्हा दार बंद झालेलं असेल. तुम्ही तर नऊ दिवस आधीच गमावले होते. म्हणून क्रम उलटा: हरकत आधी, माहिती अधिकार सोबत. अर्ज जरूर करा, पण तो सुनावणीच्या तयारीसाठी. त्यात नुसत्या प्रती मागू नका, फाइलचं प्रत्यक्ष निरीक्षणही मागा. कायद्याने तो अधिकार दिलेला आहे, आणि फाइल समोर ठेवून वाचणं वेगळं असतं. काय मागायचं? या फेरबदलाचा सर्वसाधारण सभेचा ठराव, नगरसेवक नसतील तर प्रशासकाचा. राजपत्राची तारीख. बाधितांची यादी आणि त्यांना नोटिसा बजावल्याचे जावक क्रमांक. या आरक्षणासाठी महापालिकेने आजवर जमीन घेण्याचा काही प्रयत्न केला असेल तर तो पत्रव्यवहार. आणि जागामालकांनी नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली खरेदीची नोटीस कधी दिली होती का.

शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबते, कारण तिथे तुमचा पाय घसरू शकतो. अंतिम विकास आराखडा लागू होऊन दहा वर्षं झाली आणि आरक्षित जमीन घेतली गेली नाही, तर मालक प्राधिकरणाला नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप व्यपगत होतं, म्हणजे संपतं. त्यात शेजाऱ्यांच्या हरकती नाहीत, सुनावणी नाही. जमीन लगतच्या जमिनीसारखी वापरायला मोकळी होते. तुमच्या बाबतीत कलम ३७ ची सूचना निघाली आहे, म्हणजे आजच्या घडीला आरक्षण जिवंत आहे असं धरून चालायला हरकत नाही. पण मालकांनी नोटीस दिली असेल आणि चोवीस महिन्यांचं घड्याळ चालू असेल, तर नुसता फेरबदल थांबवून भागणार नाही. महापालिकेने त्या मुदतीत जमीन घेण्याची पावलं उचलली पाहिजेत, आणि तुम्हाला त्याचाही पाठपुरावा करावा लागेल.

तिसरं मत वैराचं, आणि त्याचं उत्तरही इथेच आहे. जरा मालकांच्या बाजूने बघा. त्यांच्या जमिनीवर आराखड्यात एक शिक्का बसला. विकायला गेले तर गिऱ्हाईक नाही, बांधायला गेले तर परवानगी नाही, आणि ज्यांनी शिक्का मारला त्यांनी ना पैसे दिले ना जमीन घेतली. तेवीस वर्षं त्यांनी तुमच्या मुलांना खेळू दिलं. त्यांची तक्रार न्याय्य आहे, आणि हरकतीत तसं स्पष्ट लिहायला मी तुम्हाला सांगेन. मागणी महापालिकेकडे करा: कलम १२६ प्रमाणे जमीन संमतीने मोबदला देऊन घ्या, किंवा टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन घ्या, पण क्रीडांगण सोडू नका. पूर्ण जागा घेणं जमत नसेल तर समावेशक आरक्षणाचा विचार करा, म्हणजे मालक काही भागावर बांधकाम करतील आणि उरलेला भाग क्रीडांगण म्हणून तयार करून महापालिकेच्या हवाली करतील. सविस्तर हरकत देण्याआधी कमिटीतले दोघे जाऊन मालकांना भेटा आणि हे सगळं समोर सांगा. मी अशा भेटी झालेल्या पाहिल्या आहेत. ज्यांच्या पाठीमागे अर्ज टाकले जातात ते चिडतात. ज्यांना आधी सांगितलं जातं ते निदान ऐकून घेतात, आणि कधी कधी म्हणतात, मला माझे पैसे मिळाले तर माझं काही म्हणणं नाही.

हरकतीत काय लिहू नये तेही सांगते, कारण चांगली बाजू याच ठिकाणी वाया जाते. आमच्या घरातला उजेड जाईल, फ्लॅटची किंमत पडेल, बाहेरची माणसं राहायला येतील, असलं काही लिहू नका. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या असल्या तरी त्या खाजगी नुकसानीच्या आहेत आणि अधिकारी त्या एका ओळीत बाजूला सारतो. तिसरी तर लिहायलाच नको. नियोजनाच्या भाषेत बोला. परिसरात किती घरं झाली, आराखडा झाला तेव्हाच्या तुलनेत किती वाढली, पायी जाता येईल अशा अंतरावर दुसरं मैदान आहे की नाही, असेल तर वाटेत मोठा रस्ता ओलांडावा लागतो का. शेजारच्या शाळेला स्वतःचं मैदान नसेल तर तसं लिहा आणि मुख्याध्यापकांचं पत्र जोडा. रोज संध्याकाळी किती मुलं खेळतात हे आठवडाभर मोजा, वहीत तारीखवार लिहा आणि त्या पानांची झेरॉक्स लावा. अधिकाऱ्यासमोर असा कागद फार क्वचित येतो, आणि आला की तो बाजूला ठेवता येत नाही.

एक मसुदा करून त्याच्या अठ्ठेचाळीस प्रतींवर सह्या घेण्याचा मोह होईल. सोसायटीची एक हरकत ठरावासह द्या, ती हवीच. पण बाकी लोकांनी आपापल्या शब्दांत, हाताने लिहून दिली तर उत्तम. छापील पत्रं फाइलमध्ये "एकाच आशयाच्या इतक्या हरकती" म्हणून एक होऊन जातात. आजीने लिहिलेलं वेगळं उरतं, चाळीतल्या रिक्षावाल्याचं वेगळं उरतं. प्रत्येकाने पत्राच्या शेवटी "मला प्रत्यक्ष सुनावणी मिळावी" हे वाक्य घालायचं, पूर्ण पत्ता आणि फोन लिहायचा, आणि आवक खिडकीवर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि क्रमांक घ्यायचा. ज्यांना जाता येत नाही त्यांनी स्पीड पोस्टने पाठवावं आणि पावती जपावी. शेवटच्या दिवसावर ठेवू नका, टपालाला लागणारे दिवसही मुदतीतच मोजले जातात.

दुसऱ्या मताकडे वळते, "सगळं ठरलेलं असतं". काही वेळा प्रस्तावामागे जोर असतो, हे मी नाकारणार नाही. पण कलम ३७ खाली महापालिकेचा शब्द शेवटचा नसतो. सुनावणीनंतर प्रस्ताव नगरविकास विभागाकडे जातो, शासन नगररचना संचालकांशी विचारविनिमय करतं, आणि मग तो जसाच्या तसा मंजूर करू शकतं, बदल करून मंजूर करू शकतं किंवा नाकारू शकतं. म्हणजे तुमचा कागद किमान दोन टेबलांवर वाचला जाणार आहे. ज्या फाइलमध्ये हरकती नाहीत तिथे वरच्या टेबलावर प्रश्न विचारायला कुणाला काही धागाच मिळत नाही.

हरकतींनी काय होतं याचं मोठं उदाहरण मुंबईचं आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यातल्या चुकांवर हजारो हरकती आल्या, शहरभर ओरड झाली, आणि एप्रिल २०१५ मध्ये राज्य शासनाने तो मसुदा नव्याने करायला सांगितला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला आणि मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. तिथे आख्खं शहर होतं, तुमच्याकडे एक मैदान आहे, हे मला कळतं. पण एका जागेचंही उदाहरण आहे, आणि ते आपल्या राज्याबाहेरचं असलं तरी सर्वोच्च न्यायालयाचं आहे. तेव्हाच्या बंगलोरमध्ये सदाशिवनगरात उद्यानासाठी राखून ठेवलेली जागा खाजगी रुग्णालयासाठी द्यायचं ठरलं. रहिवासी न्यायालयात गेले. १९९१ मध्ये बंगलोर मेडिकल ट्रस्टच्या त्या खटल्यात न्यायालयाने रहिवाशांचा दाद मागायचा हक्क मान्य केला आणि ते वाटप टिकू दिलं नाही. "तुम्ही कोण विचारणारे?" असं सुनावणीत कुणी म्हटलं तर हा खटला लक्षात असू द्या. उद्या न्यायालयात जायची वेळ आलीच, तर मुदतीत दिलेली हरकत आणि तिची पोच हाच तुमचा पहिला कागद असेल.

बाकीच्या वाचकांसाठी थोडं. जमिनीच्या वापरातला प्रत्येक बदल अशी सूचना घेऊन येत नाही. शहराचा नवा आराखडा होतो तेव्हा कलम २६ खाली राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत सूचना येते, हरकतींना तीस दिवस असतात, आणि कुणालाच घरपोच पत्र येत नाही, अगदी जमीनमालकालाही नाही. त्यानंतर नियोजन समितीपुढे सुनावणी होते. बांधकाम परवानगी मिळताना तर शेजाऱ्याला कळवण्याची तरतूदच नाही. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागात डिसेंबर २०२० पासून एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, आणि तिच्याप्रमाणे रस्त्याची रुंदी पुरेशी असेल तर रहिवास विभागातही दुकानं, दवाखाने, कार्यालयं चालतात. शेजारी हॉस्पिटल उभं राहिलं म्हणजे झोन बदलला असं समजून धावाधाव करू नका. आधी त्या जागेचा झोन दाखला (ती कोणत्या विभागात येते याचा दाखला) आणि भाग नकाशा (आराखड्याच्या नकाशाचा तेवढाच तुकडा) काढा. अर्ज आणि थोडी फी एवढंच लागतं, आणि तो कुणीही मागू शकतो. आराखड्यात आपल्या घराभोवती काय काय दाखवलं आहे हे घर घेताना फार थोडे बघतात. आता बघा. आपल्या आणि चारही बाजूंच्या जमिनींचे सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर एका कागदावर लिहा आणि सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावा. महिन्यातून दोनदा कुणीतरी महापालिकेच्या संकेतस्थळावरच्या जाहीर सूचना त्या नंबरांशी ताडून बघायच्या, एवढं काम एखाद्या निवृत्त सभासदाला देता येतं.

सचिवसाहेब, सुनावणीबद्दल सांगून थांबते. तुम्हाला पत्र येईल, त्यावर तारीख आणि वेळ असेल. अकराची वेळ असली तरी तीन वाजेपर्यंत बसायची तयारी ठेवा, डबा न्या. बाहेर बाकावर बरीच माणसं असतील, त्यांची प्रकरणं वेगळी असतील. आत गेल्यावर दोन-तीन मिनिटं मिळतात. एकाच माणसाने सगळं बोलू नका. तुम्ही नोटीस न मिळाल्याचा मुद्दा मांडा, चाळीतल्या कुणीतरी दुसरं मैदान किती लांब आहे ते सांगू दे, आणि शाळेतल्या बाई आल्या तर त्यांना शेवटी बोलू द्या. प्रत्येकाने आपलं म्हणणं लेखीही न्यायचं आणि तिथेच दाखल करून घ्यायचं. उठण्याआधी हजेरीच्या कागदावर आपलं नाव आणि हरकतीचा आवक क्रमांक बरोबर लिहिला आहे ना ते बघायचं. एक आकडा चुकला तर ती हरकत "अनुपस्थित" म्हणून लागते, मी स्वतः तशा लागलेल्या पाहिल्या आहेत. आठवडाभराने त्या लेखी म्हणण्याची एक प्रत नगरविकास विभागाला आणि एक पुण्याला नगररचना संचालकांना पाठवा, महापालिकेचा प्रस्ताव क्रमांक घालून. आणि चाळीत जाल तेव्हा मुलांनाही सांगा, रोज किती जण खेळतात ते मोजायची वही त्यांच्याकडेच द्या. ती ते काम मोठ्यांपेक्षा नीट करतील.